झोपलेल्या माणसाखालची गादी

आमच्या मॅडमना कोणी नवी वस्तू दाखवली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "हे मोडते कसं?" नवा मोबाईल दाखवा, नवी स्कूटी दाखवा, प्रश्न तोच. एका सहकाऱ्यानं यवतमाळात घर बांधलं आणि वास्तुशांतीला आम्हा सगळ्यांना बोलावलं. मॅडमनी शिरा खाल्ला, घरभर हिंडल्या, स्लॅबकडे मान वर करून बराच वेळ बघितलं आणि यजमानांना विचारलं, "सर, उद्या पाडाची वेळ आली तं सुरुवात कुठून करसान?" त्या गृहस्थांनी पुढे बरेच महिने मॅडमशी बोलणं टाकलं होतं. मॅडमना ते कळलंच नाही. त्यांनी आपल्या परीनं घराचं कौतुक केलं होतं.

त्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. मी ढाणकीहून शिकायला आलो तेव्हा त्यांचा विद्यार्थी झालो, त्यांच्याच घराच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहिलो आणि पुढे त्याच विभागात त्यांच्या शेजारच्या टेबलावर नोकरीला लागलो. म्हणजे तिन्ही बाजूंनी मी त्यांच्या तावडीत सापडलेला. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. खाली त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ असे दोघंच राहत. भावाचं गाद्यांचं दुकान होतं. तो त्यांना आपा म्हणे आणि मी त्याला मामू म्हणत असे.

त्यांचे वडील पिंजारी. खांद्यावर पिंजण, म्हणजे तारेचं ते मोठं धनुष्य, टाकून गल्लोगल्ली फिरायचे, लोकांच्या जुन्या गाद्या उसवून कापूस पिंजून द्यायचे. मामूंच्या दुकानात आता मशीन होतं, पण ते जुनं पिंजण भिंतीवर टांगलेलं होतं आणि त्याची तार मॅडम अधूनमधून बोटानं छेडून बघत. कॉलेजातल्या काही मंडळींना वाटे की मॅडमनी बापाचा धंदा इतका उघडपणे सांगू नये. मॅडम तर पहिल्या तासालाच सांगत.

तो पहिला तास मला आजही दिसतो. बगलेत एक जुनी उशी घेऊन त्या वर्गात आल्या. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं की मॅडम झोपायला आल्या वाटतं. मॅडमनी पर्समधून ब्लेड काढलं, उशीची शिवण टराटरा उसवली आणि कापसाचा एक काळपट, दगडासारखा गोळा आमच्यासमोर धरला.

"हा कापूस हाये," त्या म्हणाल्या. "दाबून दाबून याच्या गाठी झाल्या. माहा बाप अशा गाठी सोडवाचा. घाण खाली, चांगला कापूस परत आत. आता आयका. तुमच्या काळजाच्या पेशीत प्रथिनं असतात, मण्याईच्या माळाच समजा. तेच आकसतात, तेच ढिले होतात, तवा ठोका पडते. वापरून वापरून तेबी खराब होतात, गाठाळतात. मंग पेशी काय करते? खराब झालेलं वेचून काढते, मोडते, त्याचे मणी मोकळे करते अन् त्याच मण्याईतून नवं ओवते. अन् हे सगळं ठोका चालू ठिवून! झोपलेल्या माणसाखालची गादी पिंजाची, अन् माणूस जागा नाही झाला पाहिजे. माह्या बापाले जमलं नसतं. तुमच्या काळजाले आत्ता जमून राह्यलं, तुम्ही नुसते माह्या तोंडाकडे पाहून राह्यले तरी."

प्राचार्यांनी त्यांना एकदा सौम्यपणे सुचवलं होतं की वर्गात जरा शुद्ध भाषा वापरावी. मॅडम म्हणाल्या, "सर, परीक्षेत शुद्ध लिवतात ना पोट्टे? मंग झालं. समजाले आपलीच बोली लागते." प्राचार्य मूळचे इकडचेच. ते हसले आणि विषय संपला.

हृदय हा त्यांचा एकुलता एक देव होता म्हटलं तरी चालेल. नमाज त्या वेळच्या वेळी पढत, त्यामुळे हे वाक्य त्यांना आवडलं नसतं, पण मी काय म्हणतो ते त्यांच्या वर्गात बसलेल्यांना कळेल. चामडीच्या पेशी मरतात, नव्या येतात. रक्ताच्या मरतात, नव्या येतात. हृदयाच्या स्नायूच्या पेशी मात्र बहुतेक जन्मभर त्याच. त्यांना बदली मिळत नाही आणि सुट्टीही मिळत नाही. म्हणून त्या आतल्या आत स्वतःला मोडून नव्यानं घडवत राहतात. हे सांगताना मॅडमचा आवाज नेहमी खाली यायचा. तोच धडा दरवर्षी शिकवणाऱ्या बाईला दरवर्षी नव्यानं नवल वाटतं, हेच आम्हाला नवल होतं.

प्रात्यक्षिकाला त्या बकऱ्याचं हृदय डब्यातून आणत. टेबलावर ठेवलं की आधी हात धुवून दोन क्षण गप्प उभ्या राहत, मग सुरी घेत. एका वर्षी तर त्यांनी कमालच केली. वर्गात आल्या, सगळ्यांना छातीवर हात ठेवायला लावला आणि पूर्ण तास एक शब्द बोलल्या नाहीत. आधी आम्ही हसलो. मग एकमेकांकडे बघून पुन्हा हसलो. मग हळूहळू हसणं थांबलं. झरी जामणीकडून आलेली एक अबोल मुलगी पुढच्या बाकावर होती, तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. घंटा झाल्यावर मॅडमनी तिला विचारलं, "काहून रडली वं?" ती म्हणाली, "मॅडम, हे कवापासून चालू हाये, अन् मी याले कधी पाह्यलंच नाही." मॅडमनी तिला जवळ घेतलं. परीक्षेत त्या धड्यावर प्रश्न आला नाही, पण त्या वर्गातल्या कोणालाही तो तास विसरता आला असेल असं मला वाटत नाही.

त्यांचा दुसरा हट्ट खुणेचा. पेशी वाटेल ते मोडत नाही. जे खराब झालंय त्यावर आधी एक छोटीशी खूण चिकटवते. मग ते खूण लागलेलं प्रथिन एका पिंपासारख्या यंत्रात ओढलं जातं आणि तिथे त्याचे तुकडे होतात. "खूण केल्याबिगर मोडलं तं तो दंगा झाला," मॅडम म्हणायच्या. याच सुमारास गावातला रस्ता रुंद व्हायचा होता आणि पाडायच्या बांधकामांवर लाल रंगाच्या फुल्या मारलेल्या होत्या. मॅडम अख्ख्या वर्गाला रस्त्यावर घेऊन गेल्या आणि फुल्या दाखवत सुटल्या. दाखवता दाखवता मामूंच्या दुकानाशी आल्या तर त्यांच्या ओट्यावरही फुली. मामू रडवेले होऊन म्हणाले, "आपा, साहेबाले सांग ना काही!" मॅडमनी वाकून ओटा पाहिला आणि पोरांसमोरच निकाल दिला, "नालीवर बांधलाय. बराबर मारली फुली. मोडू दे." मामू आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत, पण रोज डबा मात्र न चुकता करून ठेवत होते.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं ते मॅडम आजारी पडेपर्यंत.

आधी पाठ दुखायला लागली. मग एक दिवस साधी पाण्याची बादली उचलताना मणका दबला. नागपूरला तपासण्या झाल्या आणि निघाला तो हाडांच्या मज्जेतला कॅन्सर. मी आणि मामू सोबत होतो. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे होते. त्यांनी औषधाचं नाव घेतलं, ते पेशीत काय करतं ते सोप्या शब्दांत सांगायला लागले आणि मॅडम खदखदून हसायला लागल्या. डॉक्टर घाबरले. त्यांना वाटलं, बाईंना धक्का बसला.

"डॉक्टर, तुम्ही माह्या आवडत्या पिंपाचं तोंड बंद करून राह्यले," मॅडम म्हणाल्या.

खरंच तसं होतं. या कॅन्सरच्या पेशी भरमसाट प्रथिनं बनवतात, त्यामुळे त्यांच्यात घाणही भरमसाट साचते. मोडण्याचं यंत्रच बंद पाडलं की त्या आपल्याच कचऱ्यात गुदमरून मरतात. मॅडमनी हे मामूंना तिथेच पिंजाऱ्याच्या भाषेत समजावलं. मग डॉक्टरांकडे वळून त्या शांतपणे म्हणाल्या, "पण काळजातबी तेच पिंप हाये."

"हो," ते म्हणाले. "सगळ्यांना त्रास होत नाही, थोड्या रुग्णांना होतो. आपण लक्ष ठेवू."

"ठेवा," मॅडम म्हणाल्या. "मीबी ठेवतो."

(बायका स्वतःबद्दल "करतो, येतो" म्हणतात, हे आमच्याकडे नेहमीचंच.)

औषधानं काम चोख केलं. रिपोर्ट सुधारत गेले, पाठीचं दुखणं कमी झालं. सगळी गल्ली खुश झाली आणि गल्लीनं आपल्या पद्धतीनं इलाज सुरू केला. हाडांचा आजार म्हटल्यावर हाडांचं सूप पाहिजे, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. रोज कोणत्या ना कोणत्या घरून पायाचा रस्सा यायला लागला. बकऱ्याचे पाय तासन्‌तास शिजवलेले, वर तर्री, आणि मीठ असं की जिभेला झणका बसावा. मामू तर पहाटेपासून पातेलं चढवून बसत. माझ्या आईनं ढाणकीहून लिंबाचं लोणचं पाठवलं, तेही त्यात सामील झालं.

थोड्याच दिवसांत मॅडमचे पाय सुजले. जिना तर त्या चढतच नव्हत्या, पण आता अंगणातून ओसरीवर यायलाही धाप लागायला लागली. झोपताना एकाच्या दोन उशा झाल्या, दोनाच्या तीन. बायका म्हणाल्या, औषधाची गरमी आहे, पाया अजून खावा. मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता नागपूरला जाऊ. मॅडम म्हणाल्या, "थांब. सूज मिठानंबी येते. आधी मीठ काढू अन् पाहू. नाही उतरली तं मंग औषधच. अंदाजानं कोणाले दोष देऊ नाही."

त्यांनी गल्लीत निरोप धाडला की पाया बंद. मामूंना समोर बसवून सांगितलं. बिनमिठाची खिचडी सुरू झाली. सूज तसूभरही उतरली नाही. धाप वाढली. "झालं सिद्ध," मॅडम म्हणाल्या. "औषधच हाये. चाला."

गाडीत मामू पुढे बसले होते. वर्धा नदी ओलांडली. मग एकदम मागे वळून ओक्साबोक्शी रडायला लागले. "आपा, माफ कर मले. म्या खिचडीत पायाचाच रस्सा टाकत होतो. रोज. तुले ताकद नसती राह्यली वं."

मी डोक्याला हात लावला. म्हणजे प्रयोगच नासला होता. आता ही सूज मिठाची की हृदयाची, कोण सांगणार? आणि मिठाच्या सुजेपायी कॅन्सरवरचं इतकं गुणकारी औषध बंद झालं तर? मी मामूंवर ओरडणार होतो, तेवढ्यात मॅडम हसायला लागल्या. धाप लागून हसू तुटत होतं तरी हसतच होत्या. "म्हणूनच म्हटलं," त्या म्हणाल्या, "बिनमिठाची खिचडी इतकी गोड काहून लागून राह्यली."

फैसला इकोनं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीनं, केला. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर मॅडमचं हृदय दिसत होतं. मी जन्मभर हे चित्र फळ्यावर काढत आलो आहे, पण खरं हृदय असं दमलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. भिंत आत यायला बघायची आणि अर्ध्यातूनच परत फिरायची. मिठानं पाणी साचतं, पण एवढ्यानं हृदयाचा जोर असा ओसरत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की औषध आज बंद. हृदयाला आधार द्यायच्या गोळ्या देऊ आणि वाट बघू. बऱ्याचदा हृदय सावरतं. सावरेलच असं वचन देता येत नाही. आणि औषध बंद असेपर्यंत कॅन्सर गप्प बसेल, याचंही वचन देता येत नाही.

मॅडम पडद्याकडे बघत होत्या. "गाठी झाल्या बिचाऱ्यात," त्या म्हणाल्या. आपल्या नव्हे, दुसऱ्या कोणाच्या तरी लेकराबद्दल बोलावं तसं त्या म्हणाल्या.

नंतरचे ते आठवडे मी कधी विसरणार नाही. माडीवरची माझी खोली मी केव्हाच सोडली होती, पण कॉलेज सुटलं की मी खाली मॅडमपाशीच जाऊन बसायचो. मॅडम तक्क्याला टेकून बसलेल्या असायच्या, कारण त्यांना आडवं होता येत नव्हतं. मामू अळणी पेज करायचे आणि पातेल्याचं झाकण उघडून मला दाखवायचे, आत काही लपवलेलं नाही म्हणून. मॅडमचा एक हात छातीवर असायचा.

"आता पिंपाचं तोंड उघडलं असंल," त्या मला सांगायच्या. "पण आत ढीग लागलाय. एकदम नाही उपसत. एकेक उचलावं लागते. खूण पाहाची, उचलाचं, मोडाचं, मणी मोकळे कराचे. अन् ठोका चुकवाचा नाही. सांग, कोणत्या कारखान्यात होते असं?"

मला भीती वाटत होती. पण त्यांच्याजवळ बसलं की त्या भीतीतही थक्क व्हायला होई. ही बाई मरणाच्या दारात बसून आपल्याच छातीतलं नवल कान देऊन ऐकत होती. मी त्यांना एकदा विचारलं, "मॅडम, भ्या नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "वाटते ना. लई वाटते. पण त्याले वाटत नसंल. त्याले येळच कुठं हाये?"

एका सकाळी मी कॉलेजला जाताना डोकावलो तर तक्क्यावर कोणी नव्हतं. मॅडम बाजेवर सरळ आडव्या पडल्या होत्या, डोक्याखाली एकच उशी, डोळे मिटलेले. मी दारातच थांबलो. आत जायची हिंमत होईना. मामू पेजेचं भांडं घेऊन मागून आले. मग आम्ही दोघांनी पाहिलं की मॅडमच्या पोटावरची ओढणी संथपणे वर होत होती, खाली येत होती. त्या गाढ झोपल्या होत्या. मामू तिथेच उंबऱ्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही हात वर करून डोळे मिटले.

दुसऱ्या इकोला आम्ही तिघं पुन्हा त्याच अंधाऱ्या खोलीत होतो. पडद्यावर तेच हृदय होतं. पण आता भिंत पुरती आत येत होती, पुरती बाहेर जात होती, झडप टपकन उघडत होती, टपकन मिटत होती. डॉक्टर पुन्हा पुन्हा मोजमाप घेत होते. त्यांना आनंद लपवता येत नव्हता. "मॅडम, जवळपास पहिल्यासारखं झालंय," ते म्हणाले. "तुम्ही पथ्य फार छान पाळलंत."

"म्या काही नाही केलं," मॅडम म्हणाल्या. "मी पडून होतो. सगळं त्यानं केलं."

मामू पडद्याच्या अगदी जवळ गेले होते. "आपा, अन् हे आपण झोपल्यावरबी?" त्यांनी विचारलं. मी मॅडमना इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडताना पाहिलं. मग त्यांनी ओढणीनं चेहरा पुसला, छातीवरचं जेल पुसलं, टेबलावरून पाय खाली सोडले आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "चाला. आता हाडाईचं बोलू."

हाडांसाठी मग वेगळ्या जातीचं औषध मिळालं. त्यावर मॅडम पुष्कळ दिवस चालल्या. घरीच शिकवणी घेतली, मामूंच्या नव्या मशीनचा पट्टा काढून तो परत कसा बसत नाही ते दाखवलं, माझ्या मुलीला तिचं खेळण्यातलं घड्याळ मोडायला शिकवलं. पण आजार परत आला आणि तो परत जायला तयार नव्हता. शेवटी हाडं पोखरली गेली, मूत्रपिंडांनी हात टेकले, अन्न तुटलं, बोलणं तुटलं.

त्या सकाळी खिडकीतून ऊन आलं होतं. मामू उशाशी बसून ओठांतल्या ओठांत दुवा म्हणत होते. पायाशी बसलेली नर्स मला हळूच म्हणाली की आता शरीरात काहीच उरलेलं नाही. मी मॅडमचं मनगट हातात घेतलं आणि बोटं नाडीवर ठेवली. मामूंनी म्हणणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून हो म्हणालो. तिथं अजून काम चालू होतं.